भिंत हलकी झाली, पण दारं किती?

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आज एका शोधनिबंधाची चिकित्सा करायची आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये शांघायला एसओएसपी नावाची परिषद झाली. ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्यांमध्ये या परिषदेला मोठा मान आहे. तिथं एनईसी कंपनीच्या युरोपातल्या प्रयोगशाळेतले फिलिपे मांको आणि त्यांचे सहकारी यांनी एक निबंध मांडला. त्याच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ असा: ‘माझं व्हर्च्युअल मशीन तुमच्या कंटेनरपेक्षा हलकं आहे (आणि सुरक्षितही)’. मूळ शीर्षकातही ‘सुरक्षित’ हा शब्द कंसातच आहे. माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं की, निबंध संपेपर्यंत तो शब्द त्या कंसातून बाहेर येत नाही. हलकेपणा या मंडळींनी मोजून दाखवला. सुरक्षितता गृहीत धरली.

आता तुम्ही म्हणाल, हा वाद संशोधकांचा, आपल्याला त्याचं काय? तर बघा. तुमच्या गावातल्या क्लासची वेबसाइट, डॉक्टरांच्या दवाखान्याची, पतसंस्थेची, साड्यांच्या दुकानाची, शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची, अशा शेकडो साइट एकाच सर्व्हरवर असतात. प्रत्येकजण वर्षाला थोडे पैसे भरतो. शेजारी कोण आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि शेजार निवडायची सोयही नसते. त्यातल्या एकानं वर्डप्रेसचं जुनं प्लगिन तसंच ठेवलं आणि त्यातून कुणीतरी आत शिरलं. इथपर्यंत जे झालं, ते त्या एका साइटचं दुखणं. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. आत शिरलेल्या माणसाला तिथून डॉक्टरांच्या साइटमध्ये जाता येतं का? पेशंटची नावं, फोन नंबर त्याच्या हाती लागतात का? ‘आयसोलेशन’ म्हणतात ते हेच. डॉक्टरांनी आपल्या बाजूनं काहीही चूक केलेली नसताना त्यांचं नुकसान होणार की नाही, हे त्या भिंतीवर ठरतं.

ही गरज जुनी आहे. पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडीमध्ये ‘जेल’ ही सोय आणली, ती २००० साली आलेल्या ४.० आवृत्तीत. तिच्यामागे होस्टिंगच्या धंद्याचीच निकड होती: एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकं ठेवायची, प्रत्येकाला आपलं यंत्र वेगळं आहे असं वाटलं पाहिजे, आणि एकाला दुसऱ्याच्या फायलींना हात लावता येता कामा नये. म्हणजे आज ज्याला आपण कंटेनर म्हणतो त्याचं एक मूळ थेट वेबसाइट होस्टिंगमध्ये आहे. पुढे लिनक्समध्ये नेमस्पेस आणि सीग्रुप आले, आणि मार्च २०१३ मध्ये डॉकर आला. डॉकरचं मुख्य काम मात्र वेगळं होतं. सॉफ्टवेअर नीट बांधून एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणं, हे त्याचं काम. त्यात तो वाकबगार आहे. पण बांधणीच्या सोयीबरोबर भिंतही फुकट मिळाली असं लोकांनी धरून चालायला सुरुवात केली, आणि तिथं घोळ झाला.

कंटेनर म्हणजे नेमकं काय? ती एक साधी प्रोसेस असते. तिला झापडं लावलेली असतात. तिला आपल्यापुरत्याच फायली दिसतात, आपलंच नेटवर्क दिसतं, मेमरी ठरावीक मिळते. पण सगळ्यांच्या खाली कर्नल एकच असतो. फाइल उघडायची, नेटवर्कवर काही पाठवायचं, मेमरी मागायची, तर त्याच कर्नलला हाक मारावी लागते. या हाकांना सिस्टिम कॉल म्हणतात. लिनक्समध्ये त्यांचे तीनशेहून अधिक प्रकार आहेत. डॉकर आपल्या ठरीव यादीनुसार त्यातले सुमारे ४४ बंद करतो. बाकीचे सगळे उघडे. एकेक हाक म्हणजे एकेक दार समजा. अडीचशेहून जास्त दारं, आणि त्यातल्या एकाचं जरी कुलूप नादुरुस्त असलं तरी आतला माणूस थेट सगळ्यांच्या मालकापर्यंत पोहोचतो.

अशी कुलपं बिघडलेली सापडली आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष उघड झाला. तो लिनक्सच्या कर्नलमध्ये २००७ पासून होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रनसी’मध्ये, म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, असा दोष निघाला की कंटेनरमधून बाहेरच्या यंत्रावरचा रनसीच बदलून टाकता येत होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याच रनसीत कंटेनरमधून बाहेर पडायची आणखी एक वाट सापडली.

व्हर्च्युअल मशीनची गोष्ट निराळी. तिथं प्रत्येकाला आपला स्वतंत्र कर्नल असतो, आणि खाली हायपरवायझर नावाचा एक लहान पहारेकरी. साइट फोडली, तिचा कर्नलही फोडला, तरी पुढे हायपरवायझर उभा असतो, आणि त्याच्याशी बोलायची दारं मोजकी असतात. अडचण एकच, वजन. प्रत्येक साइटला आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम द्यायची तर मेमरी किती लागेल, आणि सुरू व्हायला वेळ किती जाईल? त्यामुळे वर्षानुवर्षं असं मानलं गेलं की सुरक्षित हवं असेल तर जड घ्या, हलकं हवं असेल तर पातळ भिंत घ्या. मधला रस्ता नाही.

मांको आणि सहकाऱ्यांनी घाव घातला तो या समजुतीवर, आणि तो घाव फार चांगला घातला. आधी त्याचं श्रेय देतो, मग तक्रारीकडे येतो.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, मशीनच्या आत जे चालतं ते लहान केलं. त्यासाठी युनिकर्नल वापरले. युनिकर्नलमध्ये तुमचा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे ऑपरेटिंग सिस्टिमचे तेवढेच तुकडे एकत्र बांधून एकच प्रतिमा तयार करतात. बाकीचं काहीही सोबत घेत नाहीत. त्यांच्या चाचणीत नुसती वेळ सांगणारा एक छोटा सर्व्हर होता. त्याची प्रतिमा ४८० किलोबाइटची, आणि तो ३.६ मेगाबाइट मेमरीत चालायचा. ज्यांना लिनक्स लागतंच त्यांच्यासाठी ‘टायनीएक्स’ नावाचं साधन त्यांनी केलं, लिनक्सची छाटलेली प्रतिमा बनवणारं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मशीन लहान करूनही ती सुरू व्हायला उशीरच होत होता. त्यांनी तो उशीर शोधला, तर तो मशीनमध्ये नव्हताच. झेन या हायपरवायझरची व्यवस्थापनाची साधनं आणि ‘झेनस्टोअर’ नावाची एक मध्यवर्ती नोंदवही, यात तो होता. तलाठ्याचं दफ्तर एकच असावं आणि प्रत्येक फेरफार त्याच्याच वहीतून व्हावा, तशी अवस्था. मशीन जितकी जास्त, तितकी रांग लांब. त्यांनी ती वहीच काढून टाकली आणि काम वाटून दिलं. मग व्हर्च्युअल मशीन २.३ मिलिसेकंदात सुरू होऊ लागलं. लिनक्सवर साधी प्रोसेस सुरू करायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. डॉकरच्या तुलनेत हे शंभरपटीच्या घरातलं अंतर आहे, आणि एका बेताच्या यंत्रावर हजारो मशीन बसतात. ‘व्हर्च्युअल मशीन जडच असतं’ हे वाक्य यानंतर कुणाला बेधडक म्हणता येणार नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार. निबंधात काय काय मोजलंय ते बघा. सुरू व्हायचा वेळ, मेमरी, सीपीयूचा वापर, चालू मशीन गोठवून पुन्हा उठवणं, एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवणं. यात सुरक्षितता कुठे आहे? ती प्रस्तावनेत आहे. लिनक्सचे सिस्टिम कॉल भरमसाट आहेत आणि वाढतच चाललेत, हायपरवायझरची दारं कमी, म्हणून तो सुरक्षित, असा तो युक्तिवाद. दिशा बरोबर आहे. पण युक्तिवाद हा मोजमापाच्या जागी बसत नाही. २.३ मिलिसेकंद ही तपासून पाहता येते. ‘सुरक्षित’ हा शब्द तसा तपासायचा कशानं?

आणि काळानं लगेच परीक्षा घेतली. निबंध ऑक्टोबर २०१७ चा. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ जाहीर झालं. इंटेलच्या प्रोसेसरवर ६४-बिट पॅराव्हर्च्युअल पद्धतीनं चालणाऱ्या झेनच्या मशीनला हायपरवायझरची, आणि पर्यायानं शेजाऱ्यांची, मेमरी वाचता येऊ शकते असं निघालं. प्रोसेसरचा आधार घेऊन चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या मशीनला या दोषातून ते जमत नव्हतं. निबंधातले ते चिमुकले युनिकर्नल मिनी-ओएसवर उभे आहेत, आणि मिनी-ओएस ही पॅराव्हर्च्युअल पद्धतीची. लेखकांवर याचा दोष ठेवणं अन्यायाचं होईल, मेल्टडाउनची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती, आणि कंटेनरही त्यातून सुटले नाहीत. पण त्याच पॅराव्हर्च्युअल पद्धतीतला एक गंभीर दोष ऑक्टोबर २०१५ मध्येच जाहीर झाला होता. त्यातून पाहुण्या मशीनला यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता, आणि तो सात वर्षं तिथं पडून होता. एवढं समोर असताना ‘सुरक्षितही’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

दुसरी तक्रार शीर्षकातल्या ‘माझं’ आणि ‘तुमचं’ या शब्दांबद्दल. जणू दोन पक्ष आहेत आणि एक निवडायचा आहे. पुढच्या एक-दीड वर्षात काय झालं ते पाहा. २०१८ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ‘नाब्ला’ कंटेनर पुढे आणले. त्यांनी युनिकर्नल घेतला आणि तो व्हर्च्युअल मशीनमध्ये न ठेवता साध्या प्रोसेससारखा चालवला. फक्त त्याला सात सिस्टिम कॉल उघडे ठेवले, बाकी सगळे बंद. हायपरवायझर नाही, तरी दारं सात! म्हणजे जोर भिंतीच्या जातीत नसून दारांच्या संख्येत आहे, हे या मंडळींनी दाखवून दिलं. त्याच वर्षी गुगलनं ‘जीव्हायझर’ खुला केला. तो गो भाषेत लिहिलेला कर्नलसारखा एक मधला थर आहे. कंटेनरच्या बहुतेक हाका तोच झेलतो, खऱ्या कर्नलपर्यंत जाऊ देत नाही.

आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲमेझॉननं ‘फायरक्रॅकर’ खुला केला. हे अगदी व्हर्च्युअल मशीनच्या पक्षातलं. रस्ट भाषेत लिहिलेलं, लिनक्सच्या केव्हीएमवर उभं. १२५ मिलिसेकंदांच्या आत मशीन सुरू, आणि प्रत्येक मशीनमागे त्याचा स्वतःचा बोजा ५ मेगाबाइटपेक्षा कमी. आतल्या कर्नलला दिसणारी उपकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: एक नेटवर्क, एक डिस्क, अशी. हे महत्त्वाचं का, ते सांगतो. २०१५ साली क्यूईएमयूमध्ये ‘व्हेनम’ नावाचा दोष सापडला होता. तो होता फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या कोडमध्ये, २००४ पासून. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण दार होतं. फायरक्रॅकरनं अशी दारंच लावली नाहीत. आणि गंमत पुढेच आहे. हे मशीन चालवणारी प्रोसेस ते ‘जेलर’ नावाच्या साधनातून सुरू करतात. हा जेलर काय वापरतो? नेमस्पेस, सीग्रुप, सिस्टिम कॉलची गाळणी. म्हणजे सगळी कंटेनरची हत्यारं. ज्यांच्या यंत्रावर अनोळखी गिऱ्हाइकांचं कोड शेजारी-शेजारी चालतं, त्यांनी ‘हे की ते’ असा वाद घातला नाही. दोन्ही भिंती एकामागे एक बांधल्या.

तिसरी तक्रार होस्टिंगवाल्याच्या बाजूनं. वेळ सांगणारा सर्व्हर ४८० किलोबाइटमध्ये बसतो, मान्य. साड्यांच्या दुकानाची साइट बसेल का? तिथं पीएचपी आहे, डेटाबेस आहे, वीस प्लगिनं आहेत, त्यातली चार दर आठवड्याला बदलतात, मेल जाते, फोटो लहान-मोठे होतात. याचा युनिकर्नल रोज कोण बांधणार? अशा साइटला टायनीएक्सच्या वाटेनं जावं लागेल, आणि तिथं ते आकर्षक आकडे वाढतात. ही तफावत निबंधातल्या आकड्यांवरूनच दिसते, पण लोकांच्या तोंडी राहिला तो २.३ चा आकडा.

ब्रायन कँट्रिल यांनी जानेवारी २०१६ मध्येच युनिकर्नलवर सडकून टीका केली होती. त्यांचा मुद्दा असा की, यात बिघाड शोधायची सोयच नाही. ते तेव्हा जॉयंट कंपनीत होते आणि ती कंपनी कंटेनरच विकत होती, तेव्हा त्यांच्या शब्दांना थोडी किंमत कमी करून घ्या. पण मुद्दा खोटा ठरत नाही. रात्री बारा वाजता साइट बंद पडली, तर होस्टिंगवाल्याला आत डोकावून कोणती प्रोसेस अडकली आहे ते बघायचं असतं. युनिकर्नलमध्ये प्रोसेस नावाची चीजच नाही, डोकावायला शेल नाही. शेल नाही म्हणून हल्लेखोराचीही पंचाईत होते, हे खरं. पण मालकाचीही तीच पंचाईत.

शिवाय २०१९ मध्ये एनसीसी ग्रुपनं रम्परन आणि इन्क्लूडओएस हे दोन युनिकर्नल तपासले. साध्या लिनक्सवर वर्षानुवर्षं गृहीत धरलेल्या बचावाच्या सोयी, जसं की मेमरीतले पत्ते दरवेळी बदलून ठेवणं, त्यात त्यांना आढळल्या नाहीत. म्हणजे दोन घरांमधली भिंत पक्की, पण घराच्या आत आडोसा नाही. शेजाऱ्याला धोका कमी, राहणाऱ्याला जास्त. दुसऱ्या बाजूला मिराजओएस आहे, केंब्रिजहून आलेला, ओकॅमल भाषेतला. भाषाच अशी की मेमरीचे बरेच दोष होऊच देत नाही. त्यांनी २०१५ मध्ये एका युनिकर्नलमध्ये १० बिटकॉइन ठेवून ‘फोडा आणि न्या’ असं जाहीर आव्हान दिलं. तीन वर्षांत कुणी नेले नाहीत. याला मी पुरावा म्हणणार नाही, पण दिलासा म्हणेन. पण दुकानदाराला ‘साइट ओकॅमलमध्ये पुन्हा लिहा’ असं सांगता येत नाही.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी तक्रार डागडुजीची. भिंत एकदा बांधतात, डागडुजी कायम करावी लागते. शंभर कंटेनर असतील तर कर्नल एकच. दोष आला, एक कर्नल बदलला, यंत्र एकदा बंद-चालू केलं, शंभरही साइट सावरल्या. शंभर व्हर्च्युअल मशीन असतील तर कर्नल शंभर. ते होस्टिंगवाल्याच्या ताब्यात असतील तर ठीक, एकच फाइल सगळ्यांना देता येते. पण गिऱ्हाइकाला ‘हे तुमचं मशीन, सांभाळा’ म्हणून दिलं, तर त्या कर्नलला वाली कोण? क्लासवाल्या सरांनी कर्नल बदलावा अशी अपेक्षा आहे का? निबंध इथं गप्प आहे. सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागतात, याइतकंच दोष जाहीर झाल्यापासून तो बुजवायला किती दिवस लागतात, हेही मोजायला हवं.

तेव्हा या निबंधाचं खरं देणं कोणतं? त्यानं एक सबब काढून घेतली. ‘प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं मशीन देणं परवडत नाही’ असं म्हणून पातळ भिंती चालवून घेतल्या जात होत्या. आता वजनाचं कारण पुढे करता येत नाही. पण वजनाचा प्रश्न सुटला म्हणजे सुरक्षिततेचा सुटला असं नाही. तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो: दारं किती, ती कुणाच्या ताब्यात, आणि एखादं फुटलं तर त्यामागे आणखी भिंत आहे का.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, मग शीर्षक चुकीचं आहे असं म्हणायचं का?

उत्तर: नाही, अर्धं सिद्ध आहे आणि अर्धं शक्य आहे, असं म्हणा. छाटलेलं, मोजक्या दारांचं मशीन डॉकरच्या ठरीव मांडणीपेक्षा भक्कम असतं, हे मलाही पटतं. माझी हरकत ते मोजलं नाही याला आहे. आणि तुलना कुणाशी केली याला. सात दारांच्या कंटेनरशी तुलना केली असती, तर निकाल इतका सोपा लागला नसता.

श्रोती: सर, माझ्याकडे एका सर्व्हरवर दीडशे-पावणेदोनशे साइट आहेत, बहुतेक वर्डप्रेस. मी उद्या काय करू?

उत्तर: ताई, उद्या लगेच फायरक्रॅकरकडे जाऊ नका. आधी प्रत्येक साइटला वेगळा सिस्टिम युजर, पीएचपीचा वेगळा पूल आणि डेटाबेसचा वेगळा युजर आहे का ते बघा. कंटेनर वापरत असाल तर आतली प्रोसेस रूट म्हणून चालवू नका, आणि डॉकरचं सॉकेट कुठल्याही कंटेनरला देऊ नका. ते दिलं की भिंतच उरत नाही. कर्नल आणि रनसीचे दोष जाहीर झाले की ते बुजवायचा दिवस ठरवून टाका. मग यादी करा: कोणत्या साइटवर पैसे येतात, कोणत्या साइटवर पेशंटची माहिती आहे. दहा-पंधरा निघतील. तेवढ्या वेगळ्या मशीनमध्ये हलवा. तुमचा सर्व्हर स्वतःच भाड्याचं व्हर्च्युअल मशीन असेल, तर त्याच्या आत केव्हीएम चालतं का हे आधी विचारून घ्या, सगळीकडे ते देत नाहीत. देत नसतील तर जीव्हायझर बघा, त्याला केव्हीएम लागतंच असं नाही. आणि बॅकअप मात्र त्याच सर्व्हरवर ठेवू नका. भिंती सगळ्या पडल्या तर शेवटी तोच उपयोगी पडतो.